सेपिया करायचाय? आधी कृष्णधवल नीट करा

फोटो एडिटिंग शिकायला लागलो तेव्हा सेपिया म्हणजे एका क्लिकचं काम, असंच धरून चाललो होतो. आजोबांचा एक फोटो होता, खिडकीशी बसलेले, एका बाजूने उजेड. फिल्टर लावला, फोटो छान तपकिरी झाला, प्रिंट काढली. प्रिंट हातात घेतली आणि चरकलो. आजोबांचे पांढरे केस दिसेनात. मूळ फोटोत एकेक बट सुटी दिसत होती, तिथे आता नुसता पिवळट डाग.

कारण गणितात सापडलं. बऱ्याच सेपिया फिल्टरांमागे एकच ठरलेलं सूत्र असतं. नवा लाल काढायला मूळ लालाचा ०.३९३, हिरव्याचा ०.७६९ आणि निळ्याचा ०.१८९ पट घ्यायचा. बेरीज होते १.३५१. फोटोत प्रत्येक रंगाची पातळी ० ते २५५ असते आणि करड्यात तिन्ही रंग सारखे असतात. म्हणजे करड्या रंगाची पातळी १८८च्या वर गेली की लाल २५५ला जाऊन अडतो, २१२ पासून हिरवाही अडतो. पुढचा सगळा तपशील एकट्या निळ्यावर येतो, आणि निळ्यातला फरक डोळ्यांना सगळ्यात कमी जाणवतो. पांढरे केस, पांढरा शर्ट, ढग नेमके याच पट्ट्यात असतात.

डार्करूममध्ये, म्हणजे फिल्मचे फोटो धुवायच्या अंधाऱ्या खोलीत, असं होत नसे. तिथे प्रिंट आधी ब्लीच करायची, मग उग्र वासाच्या सल्फाइडच्या द्रावणात बुडवायची. प्रिंटवरचं काळं चित्र चांदीचंच असतं; त्या चांदीचं सिल्व्हर सल्फाइड व्हायचं, तेच तपकिरी दिसायचं. शुभ्र भागात चांदीच नसते, म्हणून तिथे कागद कोराच राहायचा. ब्लीच लवकर थांबवलं तर गडद सावल्याही काळ्याच राहत. खऱ्या सेपियाची खोली मला तरी याच्यातच दिसते, आणि फिल्टर नेमकी तीच घालवतो.

म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना माझं सांगणं: आधी मन लावून कृष्णधवल करा. नुसतं सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, शून्यावर आणू नका. फोटोशॉपमध्ये ब्लॅक अँड व्हाइट ॲडजस्टमेंट लेअर (फोटोवर चढवलेला बदलाचा वेगळा थर) घ्या आणि लाल-पिवळ्याचे स्लायडर हलवत चेहऱ्याकडे बघत बसा. लाल वाढवला की त्वचा उजळते, डाग विरतात, पण ओठही फिके पडतात. लाल कमी केला की सुरकुत्या बोलायला लागतात. आजोबांसाठी मी कमीच ठेवला. यात अर्धा तास गेला तरी जाऊ द्या.

रंगाचं काम त्यामानाने सोपं. वर ह्यू/सॅच्युरेशनचा लेअर, त्यात कलराइजवर टिक, ह्यू (रंगछटा) ३० ते ४०च्या दरम्यान. गिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्येही कलराइज आहेच. मग लेअरचा ब्लेंड मोड (खालच्या थरात मिसळायची पद्धत) 'कलर' करा. खालचा उजेड-अंधार जसाच्या तसा राहतो, पांढरं पांढरंच राहतं. सावल्यांतला रंग कमी करायचा असेल तर लेअरच्या मास्कवर (लेअर कुठे दिसावा ते ठरवणाऱ्या पडद्यावर) तिथे काळा ब्रश हलक्या हाताने फिरवा. फाइल लेअरसकट जपून ठेवा, जेपेग वेगळी काढा.

सॅच्युरेशन किती, हे स्क्रीनवर ठरवू नका. चेहऱ्याचा छोटा तुकडा १०, १५ आणि २० अशा तीन सॅच्युरेशनवर एकाच कागदावर छापा आणि दिवसाच्या उजेडात बघा. स्क्रीनवर मला २० आवडलं होतं. कागदावर आजोबांना १२ पुरलं, आणि कानामागची ती बट परत दिसली.