प्रकल्पासाठी मार्गदर्शक निवडताना या चुका टाळा

स्वतंत्र प्रकल्पाला तासिका नसतात आणि हजेरीही नसते, त्यामुळे काम नेमके कुठे अडले आहे हे विद्यार्थ्याखेरीज फक्त मार्गदर्शकाला कळू शकते. तरीही ही निवड बहुतेक वेळा नाव पाहून होते. नावाजलेल्या प्राध्यापकांकडे पीएच.डी.चे विद्यार्थी, समित्या आणि परिषदा आधीच असतात, आणि आपला मसुदा त्यांच्या टेबलावर आठवडेच्या आठवडे पडून राहतो. त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना ‘सर कसे आहेत?’ असे विचारू नका, कारण त्याला सगळेच ‘चांगले आहेत’ म्हणतात. ‘मागचा मसुदा किती दिवसांनी परत मिळाला?’ असे विचारा.

याहून महागात पडणारी चूक म्हणजे विषय जुळतो एवढ्यावर समाधान मानणे आणि संशोधनाची पद्धत जुळते का, हे न पाहणे. समजा, विद्यार्थ्यांच्या झोपेवर सर्वेक्षण करायचे आहे आणि मार्गदर्शक झोपेवरच, पण केवळ प्रयोगशाळेत काम करणारे आहेत. प्रश्नावलीत ‘तुम्ही नियमित आणि पुरेशी झोप घेता का?’ असा प्रश्न तसाच राहतो. ‘नाही’ असे उत्तर आले, तर झोप अनियमित आहे की अपुरी, हे सांगता येत नाही. सर्वेक्षणाचा सराव असलेले प्राध्यापक पहिल्याच वाचनात या प्रश्नाचे दोन प्रश्न करतात; दोनशे जणांनी उत्तरे भरून दिल्यावर मात्र हाती काही उरत नाही. म्हणून प्राध्यापकांचे अलीकडचे दोन-तीन शोधनिबंध काढून त्यांतला निदान पद्धतीचा भाग तरी वाचावाच.

‘आपल्या मार्गदर्शनाखाली प्रकल्प करायचा आहे, कृपया विषय सुचवावा’ असा ईमेल पाठवू नका. संशोधनाचा प्रश्न, माहिती कोठून मिळणार आणि कोणती मदत हवी, हे सांगणारा एक पानी आराखडा सोबत जोडा. प्रकल्पाच्या काळात प्राध्यापक अभ्यासरजेवर जाणार आहेत का, हेही आधीच विचारून घ्या. माणसांकडून माहिती गोळा करायची असल्यास नैतिकता समितीची (सहभागी होणाऱ्यांचे हित जपले जाते ना, हे पाहणाऱ्या समितीची) परवानगी त्यापूर्वीच घ्यावी लागते, आणि त्या अर्जावर सहसा मार्गदर्शकांची सही लागते.

निवड चुकल्याचे उशिरा लक्षात आले, तरी लगेच मार्गदर्शक बदलण्याची घाई करू नये. प्रत्येक भेटीनंतर ठरलेल्या गोष्टी चार ओळींत लिहून त्यांना पाठवा आणि पुढच्या भेटीची तारीख त्यातच मागा. पुष्कळदा तेवढ्याने गाडी रुळावर येते. केवळ पद्धतीची अडचण असेल, तर सहमार्गदर्शक घेण्याविषयी त्यांनाच विचारा. मार्गदर्शक बदलावाच लागला, तर दुसऱ्या प्राध्यापकांकडे जाण्याआधी आहेत त्यांना स्वतः भेटून सांगा, कारण ही बातमी त्यांना विभागातून कळली तर त्यांना वाईट वाटते आणि नव्या मार्गदर्शकांचीही अडचण होते.