भीमा खोऱ्यातली झाडे का मरतात? लावणीच्या आधीच होणाऱ्या या चुका टाळा

भीमाशंकरला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून सव्वाशे किलोमीटरवरच्या दौंडला पाचशेच्या आसपास. तरी जुन्नरच्या उतारावर आणि दौंडच्या माळावर रोपांची यादी एकच जाते. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात हिरडा लावा. बाळहिरडा, म्हणजे त्याची कोवळी फळे, वाळवून विकता येतो, त्यातून घरात पैसा येतो, म्हणून लोक ते झाड स्वतःहून राखतात. दौंड-शिरूरकडे हिवर, बोर, बाभूळ, खैर, कडुनिंब. कडुनिंब आणि जांभळाचे बी साठवू नका. दोन-तीन आठवड्यांतच त्याची उगवण घसरते, तेव्हा फळ पिकले की लगेच पिशवीत टोचा.

माळ म्हणजे पडीक नव्हे

पवन्या, कुसळी, मारवेल दाट आहे, वीतभर मातीखाली मुरूम लागतो आणि जुन्या झाडांची खोडकी (तोडल्यावर उरलेले बुंधे) कुठेच दिसत नाहीत, असा माळ मुळातच गवताळ आहे. तिथे खड्डे घेऊ नयेत, असे आमचे ठाम मत आहे. चिंकारा, लांडगा, खोकड अशाच माळांवर जगतात. सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यासाठीच राखलेले आहे. मेंढपाळांची चराईही याच गवतावर चालते. झाडे हवीत ती ओघळींच्या कडेने, बांधांवर आणि तोडलेल्या जंगलाच्या जागी.

तोडलेल्या जंगलात तर लावणीची गरज अनेकदा पडतच नाही. पळस, धावडा, बोर यांच्या खोडक्यांना दर वर्षी धुमारे फुटतात आणि शेळ्या ते खातात. पाणी मुरवायला चर खोदताना हीच जिवंत मुळे यंत्राखाली तुटतात. म्हणून आधी खोडकी मोजा, प्रत्येकावर चुना मारा आणि चराची रेषा त्यांना वळसा घालून न्या. हिवाळ्यात प्रत्येक खोडकीवर जोमदार दोन-तीन धुमारे ठेवून बाकीचे कोयत्याने छाटा. मुळे आधीच खोल गेलेली असल्यामुळे या झाडांना पाणी घालावे लागत नाही.

रोप कधी मेले, त्यावरून कारण ओळखा

भर पावसाळ्यात पाने पिवळी पडून रोप गेले, तर दोष बहुधा काळ्या जमिनीतल्या खड्ड्यात असतो. खड्ड्यात पाणी तुंबते आणि मूळ कुजते. अशा जमिनीत फूटभर उंचीचा मातीचा उंचवटा करून त्यावर रोप लावा. मुरमाड जमिनीत उलटे करायचे: दीड-दोन फुटांचा खड्डा एप्रिल-मेमध्येच घ्या, वरची माती वेगळी ठेवा, ती शेणखतात मिसळून भरा आणि उताराच्या खालच्या बाजूला अर्धचंद्राकृती आळे करा.

लावल्यावर पंधरवड्यातच रोप वाळले, तर लावणीची वेळ चुकली. पूर्व भागात जुलैत मोठी उघडीप पडते आणि पावसाचा भरवसा सप्टेंबरवर असतो. पहार मारून पाहा. ओल फूटभर खाली पोहोचली नसेल, तर कार्यक्रमाची तारीख ठरलेली असली तरी थांबा.

हिवाळाभर टवटवीत असलेले रोप एप्रिलमध्ये मेले, तर ते उपटून मूळ पाहा. पिशवीत वर्षभर जास्त राहिलेल्या रोपाचे मुख्य मूळ तळाशी गोल गोल गुंडाळलेले असते आणि लावल्यावरही ते तसेच फिरत राहते, खाली उतरत नाही. घेतानाच चार-पाच पिशव्या फाडून पाहा. तळाला एखादाच वेढा असेल, तर पिशवीसह खालचा दोन बोटे भाग ब्लेडने कापून लावा. मूळ करंगळीएवढे जाड होऊन वळले असेल, तर ते रोप घेऊ नका.

शेंडे खुडलेले दिसले तर चराईचे गणित चुकले आहे. अख्खे गायरान एकदम बंद केले तर कुंपण टिकत नाही, कारण जनावरांना दुसरी जागाच उरत नाही. ग्रामसभेत मेंढपाळांना बसवून गायरानाचे चार भाग पाडा आणि एकच भाग तीन वर्षे बंद ठेवा. त्यातले गवत विळ्याने कापून न्यायची मोकळीक द्या. गवत कापले गेले की वणव्याला जळण कमी मिळते; तरी जानेवारीआधी कडेने दहा फुटांचा पट्टा खरवडून घ्याच.

बांधावर

हिवाळ्यात सावली उत्तरेला पडते. तुमच्या शेताच्या उत्तरेच्या बांधावर उंच झाड लावले तर शेजाऱ्याचा हरभरा सावलीत जातो, आणि मग झाड रातोरात वाळते. आधी त्याच्याशी बोला. अंतर पंधरा-वीस फूट ठेवा, खालच्या फांद्या दर वर्षी छाटा. पिकाकडे येणारी मुळे अडवायला खोडापासून तीन फुटांवर दोन फूट खोल चर मारा. खैर, हिरडा, जांभूळ ही झाडे खासगी जमिनीतही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. १९६४ चा वृक्षतोड कायदा त्यांना लागू आहे. हे शेतकऱ्याला लावतानाच सांगा आणि ई-पीक पाहणीत (मोबाइलवरून होणाऱ्या पिकांच्या सरकारी नोंदीत) बांधावरच्या झाडांची नोंद करून घ्या.

जगलेल्या रोपांची मोजणी ऑक्टोबरमध्ये करून थांबू नका. दुसऱ्या उन्हाळ्यानंतर, मेअखेरीस पुन्हा करा आणि मेलेल्या प्रत्येक रोपापुढे वरच्यांपैकी कोणते कारण ते लिहा. कारण सापडल्याशिवाय त्या खड्ड्यात नवे रोप घालू नका.