टूरर विकून क्रूझर घेताय? या चुका टाळा

मोठी टूरर (लांब प्रवासाची उंच मोटरसायकल) विकून क्रूझर (बुटक्या सीटची, निवांत चालवायची मोटरसायकल) घेतलेल्या माणसाच्या तक्रारी पहिल्या दोन-तीन महिन्यांत साधारण सारख्याच असतात. कंबर धरते, घाटात खालून घासते, ओव्हरटेकला दम नाही, टाकी लगेच संपते. यातल्या बहुतेक तक्रारींत गाडीचा दोष नसतो. जुन्या गाडीवर अंगवळणी पडलेल्या सवयी नव्या गाडीवर तशाच राहिलेल्या असतात. मग सवय बदलण्याऐवजी माणूस पार्ट्स विकत घेत सुटतो. मोठी काच, पेट्या, उंच शॉक, मऊ सीट असं करत क्रूझरची पुन्हा टूरर करायला जातो आणि शेवटी धड क्रूझरही राहत नाही, धड टूररही होत नाही. माझं सांगणं एकच आहे. आधी स्वतःची बसण्याची आणि चालवण्याची पद्धत बदला, मग दिवसाचा बेत बदला, आणि पाना हातात घेणं सगळ्यात शेवटी ठेवा.

बोलायला उदाहरण हवं म्हणून एक अदलाबदल घेऊ. कावासाकी व्हर्सिस १००० सारखी अडीचशे किलोच्या घरातली गाडी जाते आणि रॉयल एन्फिल्डची शॉटगन ६५० किंवा सुपर मीटिऑर ६५० येते. व्हर्सिसची टाकी २१ लिटरची, ताकद १२० पीएस (अश्वशक्तीचं माप). शॉटगनची टाकी १३.८ लिटरची, ताकद ४७ पीएस. सुपर मीटिऑरचं इंजिन तेच, टाकी १५.७ लिटर. पुढचं सगळं या आकड्यांतून निघतं.

वजन कमी झालं असं समजू नका

शोरूममध्ये बसल्यावर दोन्ही पाय सपाट टेकतात आणि गाडी हलकी वाटायला लागते. सुपर मीटिऑरची सीट ७४० मिलिमीटरवर आहे, व्हर्सिसची ८४० वर. पण सुपर मीटिऑरचं वजन २४१ किलो आहे आणि शॉटगनचं २४०. म्हणजे वजन जवळपास तेवढंच आहे, फक्त खाली बसलंय. चालत्या गाडीला त्याचा फायदाच होतो. पार्किंगमध्ये मात्र उतारावर पुढचं चाक भिंतीला लावून उभी केलेली गाडी मागे ओढायची वेळ आली की ते सगळे किलो परत भेटतात. होंडा गोल्ड विंगवरून येणाऱ्याला तर रिव्हर्सची सवय असते. इथे रिव्हर्स नाही. उतारावर गाडी लावताना मागचं चाक खालच्या बाजूला आणि तोंड चढाकडे, निघायच्या दिशेला ठेवा. गिअरमध्ये टाकूनच साइड स्टँड लावा.

घाटात 'खर्र' आवाज आला की घाबरून ब्रेक दाबू नका

ही चूक सगळ्यात धोक्याची आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

टूररवर फूटपेग (पाय ठेवायचे खुंट) उंच असतात, त्यामुळे गाडी भरपूर झुकते आणि काही टेकत नाही. क्रूझरचे फूटपेग खाली असतात. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे आंबेनळी घाट उतरताना, सवयीच्या वेगाने एखाद्या नागमोडी वळणात शिरलात की बुटाखालून लोखंड डांबराला घासल्याचा आवाज येतो. बहुतेक क्रूझरच्या पेगखाली त्यासाठीच एक छोटी दांडी दिलेली असते. ती घासली म्हणजे गाडी सांगतेय की झुकण्याची मर्यादा जवळ आली. पेगला बिजागरी असते, तो वर दुमडतो, लगेच काही होत नाही.

होतं ते पुढे. माणूस दचकतो, झुकलेली गाडी सरळ करतो किंवा पुढचा ब्रेक दाबतो, आणि गाडी वळण सोडून सरळ समोरच्या लेनमध्ये जाते. तिथून एसटी येत असेल तर काय होईल ते सांगायला नको. आवाज आला तरी नजर वळणाच्या शेवटावर ठेवा, थ्रॉटल आहे तसा धरा, आणि कमरेपासून वरचं अंग वळणाच्या आतल्या बाजूला, आरशाच्या दिशेने सरकवा. अंग आत गेलं की तेवढंच वळण गाडी कमी झुकवून निघतं. पुढच्या वळणाला वेग आधीच कमी करून शिरा. खरं उत्तर तेच आहे: वेग वळणाच्या आधी उतरवायचा, वळणात नाही.

एरवी न घासणारी गाडी मागे माणूस आणि सामान घेतल्यावर घासायला लागली, तर मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) पाहा. कारखान्यातून तो साधारण एकट्या माणसाच्या हिशेबाने येतो. टूलकिटमधल्या पान्याने कडं एक-दोन टप्पे फिरवलं की मागची बाजू उचलते. दोन्ही बाजूंचा टप्पा एकच हवा, मोजून खात्री करा. हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातोय अशी तक्रार असेल तर तीही बऱ्याचदा यानेच मिटते.

खड्ड्यावर उभं राहण्याची सवय

टूररवर खराब रस्ता आला की आपण पेगवर उभे राहतो आणि धक्का गुडघ्यांत जिरवतो. पाय पुढे असलेल्या क्रूझरवर हे जमत नाही. उभं राहायला गेलात तर हँडल धरून लोंबकळाल, आणि त्याने हँडल डगमगेल. शिवाय शॉटगनच्या मागच्या शॉकची चाल ९० मिलिमीटर आहे, सुपर मीटिऑरची १०१. टूररच्या तुलनेत ती बरीच कमी. म्हणून मोठा धक्का थेट माकडहाडाला बसतो.

यावर उपाय म्हणजे वेग. टूररवर ज्या रस्त्याने ७० ने जात होतात, तिथे ५० ने जा. शॉटगनचे पेग बऱ्यापैकी मधोमध आहेत, तिथे धक्का येण्याआधी पायांवर भार देऊन बूड सीटवरून दोन बोटं उचलता येतं. तेवढंही पुरतं. कावासाकी व्हल्कन एससारख्या गाडीत पेग पुढेमागे करून घ्यायची सोय आहे, ती खरेदीच्या वेळीच करून घ्या.

ग्राउंड क्लिअरन्सही (जमिनीपासून गाडीच्या पोटाची उंची) लक्षात ठेवा. सुपर मीटिऑरचा १३५ मिलिमीटर, शॉटगनचा १४०. गावाबाहेरच्या हातभर उंच, पट्टे न मारलेल्या स्पीडब्रेकरवर दोघे बसून सरळ गेलात तर पोट घासणार. तिरकं, हळू जा, आणि चढल्यावर ब्रेक सोडा. ब्रेक धरलेला असला की पुढची बाजू दबते आणि आहे ती जागाही कमी होते.

कंबर दुखली की लगेच सीट बदलू नका

पहिल्या लांब फेरीनंतर सगळे सीटवाल्याकडे धावतात. मऊ फोम भरून घेतात. अर्धा तास छान वाटतं, मग फोम दबतो आणि बूड पाट्याला टेकतं. त्याआधी हँडल पाहा. हात पूर्ण ताणले जात असतील तर पाठीला पोक येतो आणि दुखणं कमरेत उतरतं. क्लॅम्पचे बोल्ट सैल करून हँडल थोडं स्वतःकडे फिरवा, मग क्लच आणि ब्रेकचे लिव्हर मनगट सरळ राहील असे बसवा. बोल्ट पुन्हा आवळताना कंपनीने सांगितलेल्या टॉर्कनेच (पिळाच्या जोरानेच) आवळा. याला पैसा लागत नाही, आणि निम्म्या लोकांचं काम इथेच होतं.

यानंतरही दुखलं तर घट्ट फोमची, मागे किंचित चढ असलेली सीट करून घ्या. आणि उतरा. टूररवर सलग अडीच तास बसायची सवय असेल तर क्रूझरवर सव्वा-दीड तासाने उतरून चार पावलं चाला.

१२० पीएसच्या हिशेबाने ओव्हरटेक

व्हर्सिसवर सहाव्या गिअरमध्ये मनगट फिरवलं की ट्रक मागे जायचा. ४७ पीएसची गाडी तसं करत नाही. तिचा टॉर्क (इंजिनचा खेचण्याचा जोर) ५२.३ न्यूटन मीटर आहे, तोही साडेपाच हजार आरपीएमच्या पुढे पूर्ण मिळतो. दुपदरी रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीमागे असताना आधी एक गिअर खाली या, मागे अंतर ठेवा, पुढचा रस्ता रिकामा दिसला की मगच बाहेर निघा. आधी बाहेर यायचं आणि मग गिअर शोधायचा, हे इथे चालत नाही. ट्रॅक्शन कंट्रोल (थ्रॉटल दिल्यावर मागचं चाक घसरू न देणारी यंत्रणा) या दोन्ही गाड्यांत नाही, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे. पावसाळ्यात शेवाळलेल्या वळणावर थ्रॉटल उघडताना ते आठवा.

ब्रेकिंगमध्येही थोडा फरक आहे. क्रूझरचं वजन खाली असल्याने ब्रेक दाबल्यावर भार पुढे कमी सरकतो, म्हणून मागचा ब्रेक इथे जास्त कामाला येतो. पुढचा मुख्यच, पण मागच्याला विसरलेल्या पायाला पुन्हा कामाला लावा. रिकाम्या मैदानावर सराव करा.

टाकी आणि दिवसाचा बेत

२१ लिटरवर घर सोडलं की पेट्रोल पंपाचा विचार दुपारनंतर व्हायचा. १३.८ लिटरवर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरला पंप हवाच. हार्ले डेव्हिडसन स्पोर्ट्स्टर एसची टाकी तर ११.८ लिटरचीच आहे. कोकणात सागरी मार्गाने आतल्या खाड्या ओलांडत जाणार असाल तर दिसेल त्या पंपावर टाकी भरून घ्या. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग दुचाकींना बंदच आहेत, त्यामुळे जुन्या रस्त्याचा वेळ धरूनच निघा.

शाफ्ट ड्राइव्हच्या (चेनऐवजी दांड्याने चाक फिरवणाऱ्या) गाडीवरून येत असाल तर चेनकडे लक्ष द्यायची सवय लावावी लागेल. साधारण पाचशे किलोमीटरला आणि पावसात भिजल्यावर चेन पुसून ल्यूब करा. मागून करकर आवाज यायला लागला म्हणजे आधीच उशीर झालाय.

काच, पिशव्या, हँडल: घाईने लावलेले पार्ट्स

क्रूझरवर वारा थेट छातीवर येतो. ९०-१०० पर्यंत तो सुसह्य असतो. मध्यम उंचीची काच लावली की छातीवरचा वारा उचलून हेल्मेटवर आपटतो आणि डोकं थडथडतं. रिकाम्या सरळ रस्त्यावर थोडं उंच होऊन पाहा. वर स्वच्छ वारा लागून थडथड थांबली तर काच आणखी मोठी नको, लहान हवी.

पिशव्या लावताना सायलेन्सरपासून अंतर बघा. शॉटगन आणि सुपर मीटिऑरला सायलेन्सर दोन्ही बाजूंनी आहेत, आणि माणूस बसून शॉक दबला की कापडी पिशवी त्यावर टेकते. गाडी उभी असताना सगळं ठीक दिसतं, म्हणून कुणाला तरी मागे बसवूनच तपासा. सामान भरल्यावर ८०-९० च्या पुढे गाडी मागून डोलायला लागली तर वजन खूप मागे किंवा खूप उंच आहे. जड वस्तू खाली आणि पुढे घ्या, टायरमधली हवा बघा.

उंच हँडल लावून घेतलं असेल तर गॅरेजमधून निघण्यापूर्वी हे करा: गाडी न्यूट्रलमध्ये सुरू ठेवा आणि हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. इंजिनचा आवाज चढला तर थ्रॉटल केबल ताणली जातेय. अशी गाडी यू-टर्न घेताना आपोआप रेस होईल. ब्रेकचा होज आणि वायरिंग कुठे खेचतंय का तेही त्याच वेळी बोटाने चाचपा. मेकॅनिक म्हणेल, "साहेब, बसेल सेट." बसत नाही. लांब केबल टाकून घ्या.

सायलेन्सर आणि रुंद टायर यांच्याबाबत कायदा स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ नोंदीत बसणार नाही असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत तेच ठामपणे सांगितलं. कलम १८२-अ प्रमाणे प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कंपनीच्या अधिकृत ॲक्सेसरीज घ्या, बिलं जपा आणि विमा कंपनीला कळवा. अपघातानंतर दावा अडला तर तिथे हौस उपयोगी पडत नाही.

जॅकेट उतरवू नका

क्रूझर आली की पुष्कळ जण पॅड असलेलं जॅकेट, उंच बूट, पूर्ण हेल्मेट बाजूला ठेवतात. जीन्स, टी-शर्ट आणि अर्धं हेल्मेट. मला हे बघवत नाही. रस्ता तोच आहे, वेग ९० चा आहे आणि गाडी २४० किलोची आहे. मोकळा वारा आता थेट अंगावर येतोय, म्हणजे दगड आणि किडेही येणार. जुनं रायडिंग गिअर तसंच वापरा.

मागे बसणाऱ्या व्यक्तीला विचारलंत का?

टूररवर मागची सीट रुंद, पाय ऐसपैस. शॉटगनची मागची सीट काढता येते, ती मुळात एकट्यासाठी आखलेली गाडी आहे. बायको, नवरा, मुलगी, जे कोणी तुमच्याबरोबर नेहमी फिरतं, त्यांना टेस्ट राइडला घेऊन जा आणि शोरूमभोवती एक चक्कर न मारता खराब रस्त्यावरून निदान अर्धा तास फिरवा. दोघांनी दरवर्षी लांब फिरायचं ठरलेलं असेल तर सुपर मीटिऑर घ्या, पाठीला टेकण घ्या, आणि शॉटगनच्या रूपावर जाऊ नका.

आणि दरवर्षी लडाख-स्पिती करणारा, दिवसाला सातशे किलोमीटर कापण्यात ज्याला खरा आनंद आहे, त्याने टूरर विकूच नये. क्रूझर हवीच असेल तर मित्राची आठवडाभर चालवून बघावी आणि तोवर जुनी गाडी विक्रीला लावू नये.