निवांत नांगरवाडा शोधताना: आधी तिथी, मग नकाशा

शिडाच्या बोटीने कोकण किनाऱ्यावर सफर करायची असली की बहुतेक जण मला एखाद्या गावाचे नाव विचारतात. नाव सांगून फारसा उपयोग होत नाही, कारण एकादशीला जी जागा पाळण्यासारखी शांत असते तीच जागा पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी बोटीला चिखलात बसवू शकते. अनोळखी खाडीत नांगर टाकण्याची जागा, म्हणजे नांगरवाडा, स्वतः कशी शोधावी, हे शिकणे अधिक गरजेचे आहे. बेलापूरला राहून गेली अनेक वर्षे मी ऑक्टोबर ते मे या काळात हेच करत आले आहे. पावसाळ्यात हा विषय काढूच नये.

शोध कुठे करू नये ते आधी सांगते. आमच्या दारातल्या ठाणे खाडीचा विचार सोडून द्यावा. तिच्या पश्चिमेकडचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये त्याला रामसर क्षेत्राचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला आहे, आणि वाशीच्या पुलांखालून उंच डोलकाठी नेण्याचा प्रश्न वेगळाच आहे. ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्राचा किनारा, तेलाच्या जहाजांचे जवाहर द्वीप, न्हावा-शेव्याच्या जहाजांचा मार्ग आणि करंजाचा नौदलाचा परिसर यांपासून लांबच राहावे. बोटीची कागदपत्रे आणि सर्वांची ओळखपत्रे हाताशी ठेवावीत, निघण्यापूर्वी सागरी पोलिसांना कळवावे, व्हीएचएफ रेडिओ १६ क्रमांकाच्या वाहिनीवर ठेवावा आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक सर्वांना पाठ असावा. खरा शोध रेवस-मांडव्याच्या दक्षिणेला सुरू होतो.

पहिली चाळणी वाऱ्याची आहे आणि ती घरबसल्या करता येते. या हंगामात दुपारी खारे वारे प्रामुख्याने वायव्येकडून येतात, लाटाही त्याच बाजूने येतात, आणि उत्तररात्री मतलई वारे जमिनीवरून सुटतात. नकाशावर मनात भरलेल्या जागेपासून वायव्येकडे आणि पश्चिमेकडे पट्टी ठेवून पाहावी. पट्टी लगेच डोंगराला किंवा जमिनीला लागली तर जागा विचार करण्याजोगी आहे, आणि मोकळ्या समुद्रात गेली तर ती कितीही सुंदर असली तरी रात्रभर बोट डोलत राहील आणि कोणालाही झोप लागणार नाही. रेवदंड्यासमोर कोर्लईचा डोंगर उत्तरेकडे समुद्रात घुसलेला आहे आणि त्याच्या पूर्वेला कुंडलिकेची खाडी आहे. आडोसा म्हणजे काय हे समजून घ्यायला याहून चांगला धडा जवळपास नाही. राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी जंजिऱ्याभोवती दिवसभर पर्यटकांच्या होड्यांची वर्दळ असते, पण तीच खाडी आत मांदाडच्या दिशेने कितीतरी लांब गेली आहे आणि किल्ला पाहायला आलेला कोणी तिकडे वळत नाही. शांत जागा बहुधा अशाच असतात, प्रसिद्ध जागेच्या पुढच्या वळणावर.

यानंतरचा टप्पा पाण्याच्या खोलीचा. याच टप्प्यावर मी सपशेल चुकले होते, आणि बहुतेक चुकीचे सल्लेही याच टप्प्याबद्दल दिले जातात.

पहिला चुकीचा सल्ला म्हणजे उपग्रहाची छायाचित्रे पाहून पाणी ठरवावे, हा. मीही तेच केले होते. धरमतरच्या खाडीतला एक फाटा मी वेगवेगळ्या तारखांच्या आठ-दहा छायाचित्रांत पाहिला आणि प्रत्येकात तो काठोकाठ किंवा निदान निम्मा भरलेला दिसला. डिसेंबरात, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी पाऊण वाजता मी आणि माझा पुतण्या तिथे पोहोचलो, खोली ४.४ मीटर दिसली, आमच्या बोटीला १.४ मीटर पाणी लागते, म्हणून निर्धास्तपणे नांगर टाकून जेवलो आणि आडवे झालो. सव्वापाचच्या सुमारास स्टोव्हवर चहाचे पातेले होते. त्यातला चहा एका कडेला चढलेला दिसला आणि पुतण्या म्हणाला, "काकू, बोट कलतेय का?" बोट कललीच होती. सूर्यास्तापर्यंत ती कुशीवर आडवी झाली, आजूबाजूला शिशाच्या रंगाचा चिखल उघडा पडला आणि सुकाणूपासून हातभर अंतरावर निवट्या (चिखलातले छोटे मासे) उड्या मारू लागल्या. साडेआठला चंद्रप्रकाशात बोट पुन्हा तरंगेपर्यंत आम्ही कलत्या फळीला पाय लावून बसून होतो. तळ मऊ होता म्हणून निभावले. त्या जागी खडक असता तर बोटीची कूस फुटली असती.

चूक कुठे झाली ते मला घरी कॅलेंडर समोर ठेवल्यावर कळले. आपल्याला फुकट मिळणारी सेंटिनेलसारख्या उपग्रहांची छायाचित्रे नेहमी सकाळी अकराच्या सुमारास घेतलेली असतात, कारण हे उपग्रह सूर्याच्या वेळेला बांधलेले असतात. मुंबईच्या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पूर्ण भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते, आणि पूर्ण ओहोटी सकाळी व संध्याकाळी सहाच्या आसपास. म्हणजे उधाणाच्या दिवशी त्या उपग्रहाला खाडी भरलेलीच दिसणार. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, ओहोटी दुपारी बाराला येते आणि ती छायाचित्रात सापडते, पण भांगाच्या ओहोटीला पाणी फारसे उतरतच नाही. उधाणाच्या ओहोटीला उघडा पडणारा चिखल या छायाचित्रांत कधीच येत नाही. हजार छायाचित्रे पाहिली तरी येणार नाही. छायाचित्रे किनाऱ्याचे वळण, खारफुटी, जाळ्यांच्या खुंट्यांच्या रांगा आणि पूल पाहण्यासाठी वापरावीत. खोलीसाठी ती वापरू नयेत.

दुसरा चुकीचा सल्ला असा की जिथे मासेमारी होड्या उभ्या असतात तिथे पाणी असतेच. कोळ्यांच्या लहान होड्यांचा तळ असा असतो की त्या ओहोटीला चिखलावर बसतात आणि भरतीला उठतात. त्या तिथे उभ्या असतात कारण त्यांना बसलेले चालते. आपल्या बोटीला ते चालत नाही.

खोलीचा हिशेब करायचा तो असा. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी, की मुंबईच्या किनाऱ्यावरच्या पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. हा हिशेब आमच्याकडे दिवाळे गावाच्या कोळीवाड्यात शाळकरी पोरालाही येतो. तो फक्त बेत आखण्यासाठी वापरावा. नेमकी वेळ आणि मुख्य म्हणजे उंची भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकातूनच घ्यावी, आणि खाडीत आत जावे तशी भरती उशिरा पोहोचते हे लक्षात ठेवावे. समुद्राचा नकाशा राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचा घ्यावा. त्यावरची खोली जवळजवळ सर्वांत खालच्या ओहोटीपासून मोजलेली असते, म्हणून कोष्टकातली उंची तिच्यात मिळवायची असते. मात्र आडबाजूच्या खाड्यांत गाळ दर पावसाळ्यात जागा बदलतो, त्यामुळे नकाशावरचा आकडा जागेवर पडताळल्याशिवाय खरा मानू नये.

पोहोचल्यावर एकच वजाबाकी करायची असते. या क्षणी कोष्टकाप्रमाणे पाण्याची उंची किती आणि रात्रीच्या ओहोटीला किती, यांतला फरक समोर दिसणाऱ्या खोलीतून वजा करावा. समजा संध्याकाळी साडेचारला उंची २ मीटर आहे, उत्तररात्रीची ओहोटी १.३ मीटर आहे आणि खोली ३.४ मीटर दिसते आहे. रात्री पाणी ०.७ मीटर उतरेल आणि २.७ मीटर उरेल, म्हणजे १.४ मीटर पाणी लागणाऱ्या बोटीखाली १.३ मीटर शिल्लक राहील. शांत खाडीत अर्धा मीटर शिल्लक मला पुरते, लाट येत असेल तिथे एक मीटरपेक्षा कमी मी चालवून घेत नाही. एका दिवसाच्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, म्हणून मुक्कामात येणाऱ्या प्रत्येक ओहोटीसाठी हीच वजाबाकी वेगळी करावी. माझ्या त्या दिवशी भरती ४.३ आणि ओहोटी ०.७ होती. वजाबाकी करायला एक मिनिट लागले असते, आणि ४.४ मधून ३.६ गेल्यावर ०.८ उरतात हे कळून मी नांगर टाकलाच नसता.

भरती-ओहोटी सारख्या वेगाने होत नाही, हेही या हिशेबात धरावे लागते. सहा तासांत पाणी जेवढे उतरायचे असते त्याचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग उतरतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि शेवटच्या तासात एक. भरतीनंतर पहिला तासभर पाणी जागेवरच असल्यासारखे वाटते आणि माणूस निश्चिंत होतो. मग तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मे पाणी निघून जाते.

आता बेताचा मुहूर्त. इथे माझे मत पक्के आहे: अनोळखी खाडीत पहिल्यांदा जायचे ते दशमी ते त्रयोदशीच्या दरम्यान, शुक्ल असो वा कृष्ण, आणि दुपारच्या ओहोटीनंतर दोन तासांनी, चढत्या पाण्यात. या तिथींना दुपारची ओहोटी दीड ते चारच्या दरम्यान येते. आत शिरताना पाणी चढत असते आणि उजेड असतो, त्यातही दशमी-एकादशीला तो अधिक वेळ मिळतो. चिखलाचे काठ अजून उघडे असल्यामुळे वाट कुठून आहे ते डोळ्यांनी दिसते, आणि बोट टेकलीच तर थोड्या वेळात पाणी तिला उचलते. शिवाय भांगाकडून उधाणाकडे जाताना प्रत्येक दिवसाची भरती आदल्या दिवसापेक्षा मोठी असते, म्हणजे अगदी वाईट वेळ आली तरी उद्याचे पाणी आपल्या बाजूचे असते. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतर दोन-तीन दिवसांनी, भरतीच्या माथ्यावर, उतरत्या पाण्यात अडकलेल्या बोटीला पुढच्या उधाणापर्यंत तेवढे पाणी मिळेलच याची खात्री नसते. अशा वेळी नव्या जागी जाऊ नये, मग सुट्टी जोडून आलेली असो वा नसो. बाणकोट, केळशी, आंजर्ले अशा खाड्यांच्या मुखावर वाळूचे दांडे असतात. तिथे हा नियम दुप्पट कडकपणे पाळावा, आणि ओहोटीचा प्रवाह बाहेर पडत असताना समोरून लाट येत असेल तर मुखातून आत किंवा बाहेर अजिबात जाऊ नये.

दक्षिणेला जावे तसा भरती-ओहोटीतला फरक कमी होतो. मुंबईला उधाणाच्या दिवसांत साडेतीन-चार मीटर असणारा फरक गोव्याजवळ दोन मीटरच्या आसपास येतो. रत्नागिरीच्या खाली चूक थोडी पचते, मुंबईच्या जवळ पचत नाही.

नांगर टाकण्यापूर्वी नियोजित जागेभोवती, बोट फिरेल तेवढ्या घेराची, हळू एक फेरी मारून खोली पाहावी, आणि ओळंब्याच्या बुडाला साबण लावून तळाची माती वर आणावी. चिकट चिखल आला तर नांगर उत्तम धरतो. साखळी भरतीच्या वेळच्या खोलीवर मोजावी. वरच्या उदाहरणात रात्री भरतीला ५ मीटर पाणी असेल आणि नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची एक मीटर धरली, तर सहाच्या पाचपट म्हणजे ३० मीटर साखळी सोडावी. दोर असेल तर सातपट. अरुंद खाडीत प्रवाह उलटला की बोट पूर्ण वळते, म्हणून तिथे एक नांगर वरच्या बाजूला आणि एक खालच्या बाजूला टाकावा. दोर खारफुटीला कधीही बांधू नये.

शेवटची गोष्ट माणसांची आहे. डोल जाळी प्रवाहात खुंट्यांना किंवा बोयांना बांधून ठेवलेली असतात आणि अंधारात ती दिसत नाहीत. एखाद्याच्या जाळ्यावर आपला नांगर पडला तर त्याचा दिवस बुडतो. म्हणून नांगर टाकण्याआधी समोरून येणाऱ्या होडीला हाक मारून "काका, इथे रात्री थांबलो तर तुमच्या जाळ्याला अडचण नाही ना?" असे विचारावे. या एका प्रश्नातून मला जेवढ्या चांगल्या जागा मिळाल्या तेवढ्या कोणत्याही नकाशातून मिळालेल्या नाहीत. त्या डिसेंबरानंतर मी धरमतरचा तोच फाटा दिवाळ्याच्या एका म्हाताऱ्या तांडेलांना (मासेमारी बोटीच्या प्रमुखांना) नकाशावर दाखवला होता. त्यांनी नकाशा बाजूला सारला आणि म्हणाले, "ताई, तिथे उधाणाला आमी होरी बसवतो, बुड घासायला. तू पुढचा फाटा घे, कातळाच्या पाठीमागचा, तिथे पानी नाय आटत."

पुढच्या एकादशीला मी त्या कातळामागे गेले. पहाटे तीनच्या ओहोटीला उठून ओळंबा टाकला तेव्हा दोन मीटर सत्तर पाणी होते. जागेच्या खुणा, तिथी, वेळ आणि खोली मी त्याच वेळी विजेरीच्या उजेडात वहीत लिहून ठेवल्या, आणि आजही प्रत्येक नव्या जागी ओहोटीला उठून हे लिहिल्याशिवाय मी ती जागा कोणाला सांगत नाही.