फुटलेला बंपर घरीच जोडायचा असेल तर आधी तो उलटा करून बघा

बेळगावात गाडी वापरायची म्हणजे बंपर आज नाहीतर उद्या फुटणारच. खडेबाजारात रिव्हर्स घेताना हातगाडीला लागतंय, टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर लायनीत थांबलो की मागचा नाक घालतोय, कारखाने चालू झाले की निपाणी-संकेश्वरकडं उसाच्या ट्रॅक्टरच्या मागच्या ट्रॉलीचा कोपरा कधी घासून जाईल सांगता येत नाही, आणि पावसाळ्यानंतर चोर्ला घाट तर विचारूच नका. शोरूमला नेला की ठरलेलं उत्तर, जोडून उपयोग नाही, बदलायला लागतंय. बदलून घ्यायला पैसे असतील तर घ्या, कोण नको म्हणतंय, पण साध्या तड्याला, म्हणजे वीतभर चीर गेलीय, एखादा कोपरा फाटलाय, क्लिपची कानं तुटलीत, एवढ्यासाठी नवीन घ्यायची गरज नसते. रंग सोडून हजाराच्या आसपास काम होतंय, आणि नीट केलं तर जोड वर्षानुवर्षं टिकतो.

इन्शुरन्स आहे की, क्लेम करतो म्हणणाऱ्यांनी एकदा हिशोब मांडा. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या पार्टला ५० टक्के घसारा कापतात. समजा बंपर ५ हजाराचा असेल तर अडीच तिथंच गेले, वर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १ हजार रुपये सक्तीची वजावट, म्हणजे पार्टचे हातात आले दीड हजार. आणि एवढ्यासाठी नो क्लेम बोनस, म्हणजे वर्षभर क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातोय, जो पहिल्या वर्षी २० टक्क्यांनी सुरू होऊन चढत चढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. झिरो डेप असेल तर घसारा वाचतोय, पण बोनस बहुतेक पॉलिसीत तरी जाणारच. मोठा मार असेल तर जरूर क्लेम करा, चिरेसाठी नको.

आता कुठला बंपर जोडायच्या भानगडीत पडायचं नाही ते आधी सांगतो. बंपरच्या मागं लोखंडी आडवा बार असतो, तो वाकलेला असेल तर आधी तो बघून घ्या, कारण खरा धक्का तोच खातो, वरचं प्लास्टिक फक्त कातडं. डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा पेटला असेल तर सरळ गॅरेज. नवीन गाड्यांत बंपरच्या मागं रडार असतंय, त्याच्या समोरच चीर असेल तर तिथं जाळी आणि थर चढवू नका, रडारला नीट दिसत नाही. आणि तुकडेच गायब असतील तर जोडण्यापेक्षा भंगारात तशाच मॉडेलचा, जमलं तर त्याच रंगाचा जुना बंपर शोधलेला स्वस्त पडतो.

बंपर काढायला फार काही लागत नाही. चाकाच्या कमानीत दोन्ही बाजूला स्क्रू, खालून क्लिपा, बॉनेट उघडल्यावर वरच्या कडेला क्लिपा नाहीतर बोल्ट, एवढं काढलं की दोन्ही कडेनं हळूच बाहेर ओढायचा. फॉग लॅम्प आणि सेन्सरचे कपलर, म्हणजे वायरचे जोड, सोडवायच्या आधी ओढू नका, वायर तुटली की पन्नासाच्या कामाचे पाचशे होतात. काढायच्या आधी मोबाईलवर चार फोटो मारून ठेवा, कुठला स्क्रू कुठला ते नंतर आठवत नाही. क्लिपा जुन्या असल्या तर काही तुटणारच, स्पेअर पार्टच्या दुकानात चिल्लर किमतीत मिळतात, एक-दोन जास्तीच आणा.

आता मुद्द्याचं. बंपर उलटा करा, आतली माती धुवा आणि बारीक उठावाची अक्षरं शोधा. दोन बाणांच्या मधे पीपी, नाहीतर पीपी प्लस ईपीडीएम आणि पुढं टी १० नाहीतर टी २० असं काहीतरी असतंय. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलिन, ईपीडीएम म्हणजे त्यात मिसळलेलं रबर, म्हणून बंपर वाकतो पण लगेच तुटत नाही, आणि टी म्हणजे टाल्क पावडर, पुढचा आकडा तिची टक्केवारी. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचे बंपर याच जातीचे. ग्रिल, आरशाचं कव्हर असल्या कडक पार्टवर एबीएस लिहिलेलं सापडतंय, त्याची औषधं वेगळी.

हे बघायचं कारण असं की पीपीचा पृष्ठभाग मेणचट असतो, त्याला साधा गोंद धरतच नाही. फेविक्विक आणि खाण्याचा सोडा, एम-सील, फायबरचं कापड आणि रेझिन, हे सगळे व्हिडिओ बघायला छान वाटतात, घट्ट झाल्यावर दगडासारखं लागतं पण बंपर थोडा वाकला की पूर्ण चकती जशीच्या तशी उचलून येते. पीपीला वितळवून जोडायचं, म्हणजे वेल्डिंग. एबीएस असेल तर उलट सोपं आहे, त्याच जातीच्या प्लास्टिकचे बारीक तुकडे ॲसिटोनमध्ये एक रात्र घालून ठेवायचे, घट्ट लापशी होते, ती चिरेत भरायची, कारण ॲसिटोन एबीएसला विरघळवतं. पीपीला ॲसिटोन काहीच करत नाही. मार्किंग सापडलंच नाही तर आतल्या बाजूला ॲसिटोनचा एक थेंब टाकून बोटानं घासा, चिकट झालं तर एबीएस, काही झालं नाही तर बहुतेक पीपी. आणखी खात्री पाहिजे तर कडेची एक पातळ कातळी काढून उघड्यावर चिमट्यात धरून पेटवा, पीपीला मेणबत्तीसारखा वास येतो आणि धूर कमी, एबीएस काजळी सोडत जळतंय.

सामान काय लागतंय ते सांगतो. सोल्डरिंग आयर्न, ६० वॉटचं तरी, जमलं तर तापमानाचं नॉब असलेलं. रेडिओ दुरुस्तीचं २५ वॉटचं घेऊन बसू नका, संध्याकाळ होईल. स्टीलची बारीक जाळी, डासांसाठी खिडकीला मारतात ती, हार्डवेअरवाला हातभर कापून देतो. मात्र स्टीलचीच, नायलॉनची देऊ लागला तर परत करा. पॉलिश पेपर ८० किंवा १२० नंबर, २४०, ४००, आणि ८०० चा वॉटर पेपर. ॲल्युमिनियमची चिकटपट्टी. धुराचा मास्क, कापडी नव्हे. आणि भरायला प्लास्टिक. वेल्डिंगच्या तयार कांड्या ऑनलाइन मिळतात, पण गॅरेजच्या मागं फुटके बंपर पडलेलेच असतात, उद्यमबागेत किंवा ऑटोनगरला कुठल्याही टिंकरला, म्हणजे गाडीचा पत्रा ठोकणाऱ्याला, विचारा, एक तुकडा फुकट देईल. फक्त त्याच्या मागं पण तेच मार्किंग पाहिजे, हे विसरू नका. पीपीवर एबीएस वितळवून ओतलं तर वरनं जोड दिसेल, पण नखानं निघेल. त्या तुकड्याच्या कात्रीनं ५ मिलिमीटर रुंद पट्ट्या कापून ठेवा.

बंपर साबणानं धुवा, वाळवा, मग चिरेच्या दोन्ही बाजूला थिनरच्या फडक्यानं पुसा. पॉलिश किंवा ऑईल राहिलं तर वितळलेलं प्लास्टिक तिथं बसणार नाही. बंपर दबून वाकडा झाला असेल तर आधी त्यावर उकळतं पाणी ओता आणि जाड हातमोजे घालून आतनं दाबा, मऊ पडला की बराच जागेवर येतो. मग बाहेरच्या अंगानं दोन्ही कडा अगदी समोरासमोर आणून ॲल्युमिनियमची पट्टी घट्ट मारा. इथं वेळ घालवा, कारण कडा नखभर वर-खाली राहिल्या तर पुढं कितीही घासा, उजेडात ती रेघ दिसतेच. चीर जिथं संपते त्या टोकाला ३ मिलिमीटरचं भोक पाडा, नाहीतर गाडीच्या हादऱ्यानं ती पुढं सरकत राहते. ड्रिल नसेल तर तापलेला खिळा चालतोय.

आता आतल्या बाजूनं काम. आयर्नच्या टोकानं चिरेवर आडवे टाके मारत चला, दोन-अडीच सेंटिमीटरला एक. मग चिरेच्या रेषेवर टोक फिरवून व्ही आकाराची चर पाडा, साधारण अर्ध्या जाडीपर्यंत, कारण बंपरची जाडी तीनएक मिलिमीटरच असते, जास्त खोल गेलात तर रंगाच्या बाजूनं फुगवटा येतो. त्यावर जाळीची तीन सेंटिमीटर रुंद पट्टी ठेवा, कोपरे कात्रीनं गोल करून. टोक चपटं धरून जाळीच्या एका कडेला दाबा आणि थांबा. आधी काहीच होत नाही, मग प्लास्टिकचा मळकटपणा जाऊन चकाकी येते, जाळीच्या बारीक भोकांतून काळं प्लास्टिक काकवीसारखं वर येतं आणि जाळी आपोआप खाली बसते. तेवढ्यात टोक उचलायचं आणि शेजारी सरकायचं. धूर निघाला किंवा कडा तपकिरी झाल्या म्हणजे जास्त तापवलं, तो भाग ठिसूळ होतोय, खरवडून परत भरा. पीपी साधारण १६० अंशाला वितळतंय आणि नॉब नसलेलं आयर्न त्याच्या दुपटीच्याही वर जातंय, म्हणून एका जागी धरून बसायचं नाही. पूर्ण जाळी बसली की वरनं पट्ट्या वितळवून जाळी झाकून टाका. नवशिके कांडी वितळवून वरनं ओततात आणि खालचं थंडच राहतं, तसं केलं तर पापुद्रा होतो, म्हणून टोक आधी खालच्या प्लास्टिकला लावा, ते ओलसर दिसलं की मग पट्टी टेकवा, दोन्ही एकमेकांत कालवा.

आपोआप गार होऊ दे, पाणी मारू नका, आकसून वाकतं. हे सगळं अंगणात किंवा शेडमध्ये, बंद खोलीत नको, लहान पोरं जवळ नकोत. जोड गार झाल्यावर बंपर दोन्ही हातांनी हलकेच पीळ देऊन बघा, आवाज आला तर कुठंतरी धरलेलं नाही.

तुटलेली क्लिपची कानं पण अशीच होतात, आतनं जाळीचा तुकडा नाहीतर यू आकारात वाकवलेली बारीक तार वितळवून बसवायची आणि वरनं प्लास्टिक. दिसायला ओबडधोबड झालं तरी चालतंय, तिथं कोण बघायला येणाराय.

बाहेरची बाजू आता. चिकटपट्टी काढा, चिरेवर हलकी चर पाडा, त्याच पट्ट्यांनी जरा वर येईपर्यंत भरा आणि गार झाल्यावर वरचा उंचवटा धारदार ब्लेडनं तासून मग घासा. पीपीला मशीननं जोरात घासलं तर तापून केस उठतात, कितीही घासा जात नाहीत, म्हणून हातानं, पाणी लावून, शांतपणे. नंतर बारीक खड्डे राहतात त्यासाठी लांबी, म्हणजे पुट्टी, पण पत्र्याची लांबी नव्हे, ती कडक असते, बंपर लवला की तडकते. प्लास्टिकची लवचिक पुट्टी मागा. आणि तिच्या आधी उघड्या प्लास्टिकवर पीपीचा प्रायमर स्प्रे पाहिजेच, दुकानात प्लास्टिक प्रायमर म्हणून विचारा. हा टप्पा गाळला की सहा महिन्यांत रंगाचे पोपडे निघतात आणि दोष वेल्डिंगला लागतो.

खरा खर्च रंगाचा. रंगाचा कोड दाराच्या खांबावर नाहीतर बॉनेटखालच्या पट्टीवर असतो, तो दाखवून रंगाच्या दुकानात कॅन भरून मिळतो. साधा पांढरा, लाल असेल तर घरी मारा, वीत-सव्वा वीत अंतरावरून पातळ हात, दोन हातांच्या मधे दहा-पंधरा मिनिटं, शेवटी क्लिअर, म्हणजे वरचा पारदर्शक हात. सिल्व्हर, ग्रे, मोतिया पांढरा असेल तर माझं ऐका, घरी नादाला लागू नका, उन्हात वेगळाच दिसणार. त्यापेक्षा घासून, प्रायमर मारून तयार केलेला सुट्टा बंपर पेंटरकडं न्या आणि सांगा की फक्त रंग मारायचाय. त्याची मेहनत घासण्यात असते, ती तुम्ही केलीत तर भाव करता येतो.

पावसाळ्यात रंगाचं काढूच नका. खानापूर, जांबोटीकडं तर चार महिने हवाच ओली, क्लिअर धुरकट पांढरं पडतंय. तोपर्यंत वेल्डिंग करून गाडी तशीच फिरवा, पुट्टी पण भरू नका कारण ती पाणी शोषते, दसऱ्यानंतर ऊन पडलं की उरलेलं करा. आणि वेल्डिंगला पण वेळ नसेल तर चिरेच्या दोन्ही बाजूला एकेक सेंटिमीटर सोडून भोकं पाडा आणि काळ्या केबल टाय ओवून घट्ट ओढा. दिसतंय टाके घातल्यासारखं, पण गोव्याला जाऊन येता येतंय.

एवढं झालं की काहीजण पुढं लोखंडी गार्ड बसवायचा विषय काढतात, परत फुटू नये म्हणून. ते डिसेंबर २०१७ पासून बेकायदेशीर आहे, पोलिसांनी धरलं तर दंड, आणि धडकेत तो गार्ड सगळा जोर सरळ चासीला पोचवतो, पायी चालणाऱ्याचं तर काय होईल सांगायला नको.

बसवताना आधी कपलर लावा, फॉग लॅम्प आणि सेन्सर चालतात का बघा, मगच क्लिपा दाबा. हेडलाइटच्या खालची फट दोन्हीकडं सारखी आली पाहिजे, नसेल तर एखादं कान वाकडं जोडलंय, ते परत गरम करून सरळ होतंय. रंग मारला असेल तर महिनाभर वॉशिंग सेंटरवाल्याला प्रेशरची गन त्या कोपऱ्याला जवळ धरू देऊ नका, बादलीनं धुवा.