नव्या पारदर्शक स्टॅम्पचा ठसा ठिपक्याठिपक्यांचा येत होता: माझा अनुभव

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणाऱ्या लेकीबाळींच्या भेटवस्तूंना लावायला मी हाताने टॅग बनवते. यंदा झोक्याचा नवा पारदर्शक स्टॅम्प आणला. डायने (कागद कापायच्या साच्याने) टॅग सुबक कापले गेले, पण ठसा बिघडला. झोक्याचे दोर नीट उमटायचे आणि फांदीचा भरीव भाग मात्र तेलकट ताटावर पाणी पडावं तसा, ठिपक्याठिपक्यांचा.

शाई वाढवली, तर दोर फुगले. जोरात दाबला, तर कडेचा डाग पडला. नवं पॅड आणलं, तरी तेच. चाळीस टॅग वाया गेले, अगदी रडकुंडीला आले.

दोष स्टॅम्पच्या पृष्ठभागात होता. नवं फोटोपॉलिमर, म्हणजे हा स्टॅम्प ज्याचा असतो ते पारदर्शक, लवचिक प्लास्टिक, इतकं गुळगुळीत असतं, की शाई पसरण्याऐवजी तिचे थेंब होतात. म्हणून आधी पांढऱ्या खोडरबराने ठशाची बाजू हलक्या हाताने घासली, चकाकी जाऊन किंचित धूसर दिसेपर्यंत. मग सौम्य साबणाच्या पाण्याने धुतला, धागे न सुटणाऱ्या कापडाने टिपला आणि अॅक्रिलिकच्या ठोकळ्यावर चिकटवला. टॅगखाली जुना माऊसपॅड ठेवला. स्टॅम्प पॅडवर आपटला नाही. तो उताणा धरून पॅडच त्यावर हलकं टेकवत शाई दिली. सरळ खाली दाबला, पाच अंक मोजले, न डुलवता सरळ वर उचलला. पहिले दोन ठसे रद्दीवर घेतले. तिसऱ्याला फांदी भरून आली, सालीच्या रेघांसकट.

जळगावच्या उन्हाळ्यात पंख्याखाली पॅड उघडं ठेवू नका. दोन ठशांच्या मध्येही झाकण लावा.