जँगोमधील दुबार नोंदी कशा शोधाव्यात आणि कायमच्या कशा थांबवाव्यात

सोलापुरातील चादरी आणि टॉवेलांच्या एका घाऊक पेढीसाठी जँगो (पायथन भाषेतली वेब-ॲप बनवण्याची चौकट) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) वापरून केलेले ऑर्डर नोंदणीचे ॲप आपण उदाहरणादाखल घेऊ. पेढीचे दुकान चाटी गल्लीत आहे, गोदाम अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आहे आणि दोन्हीकडचे कारकून एकाच डेटाबेसमध्ये नोंदी करतात. एके दिवशी पंढरपूरचा एक गिऱ्हाईक यादीत दोनदा दिसू लागतो, त्याची उधारी दोन खात्यांत विभागली जाते आणि कोणती बाकी खरी, हे कोणालाच सांगता येत नाही. अशा वेळी घाईने एक नोंद डिलीट करण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण नोंद खरोखर दुबार आहे की नाही, हेच अजून ठरलेले नसते.

म्हणून सर्वांत आधी दोन्ही ओळींचे आयडी पाहावेत. आयडी एकच असेल, तर टेबलात एकच नोंद असून क्वेरीतील जॉइनमुळे, म्हणजे टेबले एकमेकांना जोडल्यामुळे, ती पुन्हा दिसत आहे. ज्या ऑर्डरमध्ये चादरीचे तीन नग-प्रकार आहेत ती ऑर्डर, मालाच्या प्रकारावरून फिल्टर लावल्यास, तीनदा येते. येथे डिस्टिंक्ट (समान ओळी एकदाच दाखवण्याची सूचना) लावून बहुधा भागते. मात्र क्रम जोडलेल्या टेबलातील एखाद्या रकान्यावरून लावला असेल, तर तो रकानाही निवडीत सामील होतो आणि पुनरावृत्ती तशीच राहते. अशा ठिकाणी एक्झिस्ट्स प्रकारची, म्हणजे जुळणारी ओळ आहे की नाही एवढेच विचारणारी, उपक्वेरी अधिक भरवशाची ठरते. बेरजांचा प्रश्न याहून फसवा आहे. ऑर्डर आणि जमा रकमा या दोन्ही टेबलांना एकाच क्वेरीत जोडून बेरीज घेतली, तर आकडे फुगतात, आणि बेरजेला डिस्टिंक्ट लावल्यास समान रकमेच्या दोन खऱ्या पावत्यांपैकी एक गळून जाते. प्रत्येक बेरीज स्वतंत्र उपक्वेरीने काढणे हाच तेथे बिनचूक मार्ग आहे.

आयडी वेगवेगळे असतील, तर नोंदी खरोखरच दुबार आहेत. मोबाइल क्रमांकानुसार गट करून, ज्या गटाची मोजणी एकाहून अधिक आहे तेवढेच गट काढावेत. जँगोची आवृत्ती ३.१ पूर्वीची असल्यास मॉडेलच्या (टेबलाची रचना सांगणाऱ्या वर्गाच्या) मेटामधील, म्हणजे सेटिंगमधील, क्रम गटात घुसतो आणि निकाल चुकतो, म्हणून रिकामा ऑर्डर-बाय जोडावा. मग प्रत्येक जोडीच्या निर्मितीच्या वेळा शेजारी ठेवून पाहाव्यात, कारण या वेळाच निम्मे निदान सांगतात. अंतर सेकंदाच्या आतबाहेर असेल, तर दोनदा दाबलेले बटण, पुन्हा पाठवली गेलेली रिक्वेस्ट किंवा एकाच क्षणी आलेल्या दोन रिक्वेस्टी यांचा संशय घ्यावा. अंतर दिवसांचे किंवा महिन्यांचे असेल, तर माणसाने वेगळ्या लिखाणाने पुन्हा नोंद केलेली असते. रोज ठरावीक वेळीच जोड्या जन्मत असतील, तर आयात करणारी क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारे काम) दोन सर्व्हरांवर चालू आहे का, ते तपासावे.

सेकंदाच्या अंतराच्या पहिल्या प्रकारात बटण जावास्क्रिप्टने निष्क्रिय करणे आणि फॉर्म स्वीकारल्यावर रीडायरेक्ट करणे ही दोन्ही कामे अवश्य करावीत, पण त्यांना संरक्षण समजू नये. मंद नेटवर्कवर ब्राउझरला उत्तर पोचले नाही, तर कारकून फॉर्म पुन्हा पाठवणारच, आणि त्याचे काहीच चुकलेले नसते. फॉर्म दाखवतानाच त्यात एक यूयूआयडी (पुन्हा न येणारा लांब ओळख-क्रमांक) लपवून ठेवावा आणि ऑर्डरच्या टेबलात त्या रकान्यावर युनिक (एकच मूल्य दोनदा न येऊ देणारे) बंधन घालावे, म्हणजे तोच फॉर्म कितीही वेळा आला तरी ऑर्डर एकच होते. पेमेंट गेटवेचे वेबहुक (तिकडून आपोआप येणाऱ्या सूचना) आणि सेलरीची (पार्श्वभूमीत चालणारी) कामे यांनाही हाच नियम लावावा. तेथे समोरून येणारा व्यवहार क्रमांक जपून ठेवावा, कारण एकच सूचना एकाहून अधिक वेळा येणे ही त्या यंत्रणांमधली नित्याची गोष्ट आहे.

जँगोची गेट-ऑर-क्रिएट पद्धत वापरली की दुबार नोंद होणार नाही, हा गैरसमज मात्र सविस्तर पाहिला पाहिजे. ही पद्धत आधी शोधते आणि न सापडल्यास नोंद करते. दुकानातून आणि गोदामातून एकाच क्षणी तोच नवा गिऱ्हाईक आला, तर दोन्ही प्रक्रियांना नोंद सापडत नाही आणि दोन्ही ती तयार करतात. डेटाबेसात युनिक बंधन असेल तरच ही पद्धत सुरक्षित आहे, असे जँगोच्या कागदपत्रांतच म्हटले आहे. ॲटॉमिक ब्लॉकने (सगळे बदल एकत्र होतील किंवा एकही होणार नाही, अशा ट्रान्झॅक्शनने) हे थांबत नाही, कारण पोस्टग्रेसच्या मूळ रीड-कमिटेड पातळीवर एका ट्रान्झॅक्शनला दुसऱ्याची अपूर्ण नोंद दिसत नाही. सिलेक्ट-फॉर-अपडेटनेही थांबत नाही, कारण जी ओळ अजून जन्मालाच आलेली नाही तिला कुलूप लावता येत नाही. दुसरी चूक याहून साधी आणि जास्त आढळणारी आहे: पत्ता, शहर, दुकानाचे नाव हे सगळे शोधाच्या अटींत दिले जाते. मग पत्त्यातला एक स्वल्पविराम बदलला तरी नवा गिऱ्हाईक तयार होतो. शोधासाठी केवळ ओळख पटवणारा रकाना द्यावा आणि बाकी सगळे डिफॉल्ट्समध्ये (केवळ नवी नोंद करताना भरायच्या मूल्यांत) ठेवावे.

ओळख पटवणारा रकाना कोणता, हे पेढीच्या व्यवहारावरून ठरते. दुकानाचे नाव तर मुळीच नको. ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या नावाची दुकाने सोलापुरात पावलोपावली आहेत. जीएसटी क्रमांक उत्तम, पण तो पूर्ण १५ अक्षरी घ्यावा. त्यातील राज्याच्या २७ या संकेतांकानंतरची १० अक्षरे पॅनची असतात, आणि एकाच पॅनवर एकाच राज्यात एकाहून अधिक नोंदण्या असू शकतात. लहान दुकानदाराकडे हा क्रमांक नसतो, म्हणून रकाना रिकामा असल्यास त्यात नल (मूल्यच नाही, ही खूण) साठवावे; रिकामी स्ट्रिंग साठवल्यास दुसऱ्याच दुकानदाराला बंधन आडवे येते, तर अनेक नल पोस्टग्रेस एरवी खपवून घेते. मोबाइल क्रमांकातील मोकळ्या जागा, आरंभीचे शून्य आणि +९१ काढून शेवटचे १० अंक ठेवावेत.

मराठी नावांत एक निराळी अडचण असते. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव एका कीबोर्डवर ऱ आणि हलंत यांनी लिहिले जाते, तर दुसऱ्यावर साधा र, हलंत आणि न दिसणारा शून्य-रुंदी जोडक यांनी. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, पण डेटाबेसला ती भिन्न आहेत. युनिकोडच्या एनएफसी (सुटी चिन्हे जोडून प्रमाण रूप देणाऱ्या) रूपांतराने र आणि नुक्ता यांचा ऱ होतो, जोडकाचे लिखाण मात्र तसेच राहते. ते बदलण्यासाठी आपल्याला वेगळी ओळ लिहावी लागते. हे शुद्धीकरण फॉर्ममध्ये न ठेवता मॉडेलच्या सेव्हमध्ये ठेवावे, आणि अनेक नोंदी एकदम करणारी बल्क-क्रिएट सेव्हला बोलावत नाही, हे लक्षात ठेवून आयातीच्या कोडमध्येही ते वेगळे बोलवावे.

कारण सापडून कोड दुरुस्त झाल्यावर जुन्या नोंदी एकत्र करण्याकडे वळावे. आधी बॅकअप घ्यावा आणि तो दुसरीकडे उतरवून उघडतो का, ते पाहावे. नंतर रकाने शुद्ध करून गट पुन्हा काढावेत, कारण शुद्धीकरणानंतर नव्या जोड्या उघड होतात. कोणती नोंद राखायची, हा निर्णय प्रोग्रामरने एकट्याने घेऊ नये. यादी छापून मुनीमजींपुढे ठेवावी, कारण एकाच क्रमांकावर बाप आणि लेक यांची दोन वेगळी खाती असणे त्यांनाच ठाऊक असते. ऑर्डरी आणि जमा रकमा राखलेल्या नोंदीकडे वळवल्याशिवाय दुसरी नोंद डिलीट केली आणि फॉरेन-कीवर (दुसऱ्या टेबलातील नोंदीकडे नेणाऱ्या रकान्यावर) कॅस्केड असेल, तर तिच्याबरोबर ऑर्डरीही जातात. मॉडेलच्या मेटामधील रिलेटेड-ऑब्जेक्ट्स वाचून सर्व नाती शोधावीत. जेनेरिक (कोणत्याही टेबलाकडे बोट दाखवू शकणाऱ्या) फॉरेन-की त्यात आपोआप सापडत नाहीत, त्या हाताने तपासाव्यात. हे सर्व एका ॲटॉमिक ब्लॉकमध्ये, नुसती यादी दाखवणारी कोरडी फेरी आधी करून पार पाडावे. जुना आयडी कोणत्या नव्या आयडीत गेला, याचे छोटे टेबल ठेवावे. छापलेल्या बिलांवर जुनेच क्रमांक असतात.

आता बंधन घालावे. आवृत्ती २.२ पासून जँगोत युनिक-कन्स्ट्रेंट आहे, आणि त्याला अट जोडून, उदाहरणार्थ, रद्द न झालेल्या नोंदींपुरतेच ते लागू करता येते. मायएसक्यूएलवर असे अटीचे बंधन तयारच होत नाही, जँगो केवळ इशारा देते. डेटा बदलणारे आणि रचना बदलणारे मायग्रेशन वेगळ्या फायलींत ठेवावे, नाहीतर पोस्टग्रेस प्रलंबित ट्रिगरांची तक्रार करून थांबू शकते. यापुढे दुबार प्रयत्नावर इंटिग्रिटी-एरर येईल. नोंद करणारी ओळ आतल्या ॲटॉमिक ब्लॉकमध्ये ठेवून तो एरर ब्लॉकच्या बाहेर पकडावा, अन्यथा बाहेरचे संपूर्ण ट्रान्झॅक्शन निकामी होते. कारकुनाला मात्र पाचशे क्रमांकाचे (सर्व्हरच्या चुकीचे) कोरे पान न दाखवता ‘हा गिऱ्हाईक आधीच नोंदलेला आहे’ असे सांगून जुने खातेच उघडून द्यावे.